नक्षीदार सेरिफ फॉन्ट लावला, पण शेपट्या-वळणं काही दिसत नाहीत: काय काय तपासायचं

सेरिफ म्हणजे टोकांना छोटे पाय असलेली अक्षरं. लक्षणं आधी सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघा.

एक, फॉन्टच्या जाहिरातीच्या चित्रात कॅपिटल आरचा पाय लांब वळसा घेऊन पुढच्या तीन अक्षरांखालून जातोय, क्यूची शेपटी नाचतेय, आणि तुमच्या फाईलमध्ये मात्र तोच फॉन्ट एखाद्या सरकारी परिपत्रकासारखा ताठ उभा. दोन, नक्षी येते पण अर्धी कापली जाते, वरून किंवा बाजूने सुरीने कापल्यासारखी. तीन, स्क्रीनवर सुंदर, छापून आल्यावर बारीक रेषा गायब आणि अक्षरं तुटकी. चार, अक्षरं सुजल्यासारखी जाड, ई आणि ए च्या पोटातली जागा बुजलेली. पाच, तुमच्याकडे बरोबर दिसतं, दुसऱ्याच्या मशीनवर भलताच फॉन्ट. सहा, इंग्रजी मस्त आणि मराठी ओळ आली की चौकोन नाहीतर एकदम साधा फॉन्ट.

हे सगळं मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता फोनवर समोरच्याने "अरे तो फॉन्ट..." म्हटलं की मी पुढचं वाक्य पूर्ण करतो. आणि बहुतेक वेळा फॉन्ट बिघडलेला नसतोच. फाईलमध्ये नक्षी असते, मधे कुणीतरी, म्हणजे सॉफ्टवेअरने, कन्व्हर्टरने किंवा आपणच, ती बंद केलेली असते. म्हणून फॉन्ट डिलीट करून परत डाउनलोड करणं हा पहिला उपाय नाही, जरी सगळे तोच करतात (मीही करायचो, एकदा एकाच दुपारी चार वेळा केलं आणि शेवटी कारण निघालं अक्षरांमधलं अंतर, त्याचं पुढे सांगतो).

सगळ्यात आधी, फुकटातलं: हा खरंच तोच फॉन्ट आहे का? वरच्या डब्यात नाव दिसतंय म्हणून तो लागलाय असं नसतं. फॉन्ट सापडला नाही तर बरीच सॉफ्टवेअर नाव तेच ठेवतात आणि दाखवतात दुसरंच, आणि दुसरा जो येतो तोही बऱ्याचदा सेरिफच असतो, टाइम्ससारखा, त्यामुळे पटकन कळत नाही. यावर माझी सवय अशी की कॅपिटल क्यू, छोटा जी आणि अँपरसँड, म्हणजे ते "आणि"चं चिन्ह, एवढी तीन टाइप करायची. नक्षीदार फॉन्टवाले या तिघांवर जीव ओवाळून टाकतात, साधी नक्षी तरी इथे असतेच. ती तिन्ही साधी दिसली तर फॉन्ट लागलेलाच नाही, पुढचं काही तपासू नका, आधी सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडा कारण चालू असताना टाकलेला फॉन्ट काही सॉफ्टवेअरना दिसत नाही.

विंडोजवाल्यांनी अजून एक बघायचं. झिप फाईल नुसती उघडून आतल्या आत फॉन्टवर डबल क्लिक करू नका, आधी बाहेर काढा. आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट साध्या पद्धतीने टाकला तर तो फक्त तुमच्या युजरपुरता बसतो, सगळ्या मशीनसाठी नाही, आणि काही जुनी सॉफ्टवेअर तिकडे बघतच नाहीत. राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" निवडायचं. एवढ्यावर किती केसेस सुटतात म्हणून सांगू.

दुसरं, तुमच्याकडे डेमो तर नाही ना? बऱ्याच डिस्प्ले फॉन्टची, म्हणजे हेडिंगसारख्या मोठ्या आकारासाठी काढलेल्या फॉन्टची, चाचणी आवृत्ती मिळते, तिच्यात आकडे, विरामचिन्हं, पर्यायी अक्षरं काढलेली असतात. फाईलच्या नावात डेमो, ट्रायल असलं काही आहे का बघा. त्यात नक्षी नाहीच, मग शोधून काय सापडणार. पूर्ण फाईल घ्या, विषय संपला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

ओपनटाइप म्हणजे आजकालच्या बहुतेक फॉन्टचा फाईल प्रकार. त्यात एका अक्षराची अनेक रूपं असू शकतात. साधा आर एक, शेपटीवाला आर दुसरा, शब्दाच्या शेवटी यायचा आर तिसरा. एका फॉन्टमध्ये ६५,५३५ पर्यंत आकृत्या मावतात, त्यामुळे नक्षीकाराला जागेची कमी नाही. पण कीबोर्डवरून आर दाबला की येणार साधाच, बाकीची रूपं "फीचर" नावाच्या स्विचमागे ठेवलेली असतात. नेहमीची जोडअक्षरं म्हणजे एफ-आय वगैरे एका स्विचमागे, हौसेची जोडअक्षरं दुसऱ्या, शेपट्या म्हणजे स्वॉश तिसऱ्या, आणि स्टायलिस्टिक सेट, म्हणजे फॉन्टवाल्याने केलेले पर्यायी रूपांचे गट, तर एक ते वीस असे वीस स्विच. नेहमीची जोडअक्षरं बऱ्याच ठिकाणी आपोआप चालू असतात. शेपट्या मात्र मुद्दाम बंद ठेवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण प्रत्येक अक्षराला शेपटी लावली तर हेडिंग वाचता येणार नाही, गवत वाढल्यासारखं दिसेल.

मग स्विच कुठेय? वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब उघडा, तिथे लिगेचर्स, म्हणजे जोडअक्षरं, "नन" वर असेल तर ते बदला, खाली स्टायलिस्टिक सेट्स एक-एक करून बघा. हे वर्ड २०१० पासून आहे. दोन अडचणी: फाईल जुन्या डॉक प्रकारातली असेल तर हे पर्याय फिके पडलेले दिसतात, नव्या प्रकारात सेव्ह केली की जागे होतात. आणि वर्डला स्वॉशचा वेगळा स्विच नाहीच, त्यामुळे फॉन्टवाल्याने शेपट्या फक्त स्वॉशमध्ये ठेवल्या असतील आणि स्टायलिस्टिक सेटमध्ये नसतील तर वर्डमधून त्या या डब्यातून मिळणार नाहीत, कितीही डोकं आपटा. पॉवरपॉइंटमध्ये तर हा डबाच नाही.

इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये ओपनटाइप पॅनल आहे आणि त्याहून कामाचं म्हणजे ग्लिफ्स (फॉन्टमधल्या आकृत्या) पॅनल. अक्षर सिलेक्ट करून त्या पॅनलमध्ये "अल्टरनेट्स फॉर करंट सिलेक्शन" निवडलं की त्या अक्षराची सगळी रूपं रांगेत दिसतात, हवं त्यावर डबल क्लिक. माझं मत विचाराल तर सगळ्या ओळीला स्वॉश लावण्यापेक्षा हेच करा, एका शब्दात एक शेपटी, फार तर दोन. आणि सगळी कॅपिटल अक्षरं स्वॉशमध्ये लिहिणं, ते तर कृपा करून नकोच, ती रूपं पुढे छोटं अक्षर येणार असं धरून काढलेली असतात, दोन शेजारी आली की एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग लोक म्हणतात फॉन्ट खराब आहे.

ब्राउझरमधल्या बऱ्याच सोप्या डिझाइन अ‍ॅप्समध्ये स्विच नसतात. तिथे एक जुगाड चालतो: काही फॉन्टवाले पर्यायी अक्षरांना युनिकोडच्या, म्हणजे जगभरातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीच्या, खासगी वापराच्या भागात नंबर देतात (ई००० ते एफ८एफएफ, एकूण ६,४०० जागा), मग कॅरेक्टर मॅप किंवा फॉन्ट बुकमधून ते अक्षर कॉपी करून पेस्ट करता येतं. चालतं, मीही वापरतो, पण फक्त चित्रासाठी. कारण तो आर आता आर राहिलेला नसतो, शोधून सापडत नाही, स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही, आणि फॉन्ट बदलला की त्याच्या जागी चौकोन.

स्विच चालू आहे तरी जोडअक्षरं येत नाहीत? अक्षरांमधलं अंतर बघा. हीच ती माझी चार वेळा इन्स्टॉल केलेली दुपार. हेडिंगला कुणीतरी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, १० दिलं होतं, दिसतही नव्हतं इतकं कमी, आणि तेवढ्याने जोडअक्षरं सुटली. यामागचं कारण समजून घेतलं की राग येत नाही: दोन अक्षरं जोडून एकच आकृती केली असेल तर तिच्या आत अंतर वाढवता येत नाही, बाकी ओळ सैल आणि ही जोडी घट्ट असं वेडंवाकडं दिसेल, म्हणून सॉफ्टवेअर जोडी तोडून टाकतं. वेबवर तर नियमच तसा आहे, लेटर-स्पेसिंग शून्याव्यतिरिक्त काहीही असलं की ब्राउझरने ऐच्छिक जोडअक्षरं लावू नयेत. शून्य करा आणि बघा. तसंच कुणी अ‍ॅनिमेशनसाठी प्रत्येक अक्षर वेगळ्या स्पॅन टॅगमध्ये गुंडाळलं असेल तरी जोड्या गेल्या म्हणून समजा.

कापलेल्या शेपट्या. इथेही फॉन्टचा दोष क्वचित. प्रत्येक अक्षराची एक ठरलेली रुंदी असते आणि नक्षी मुद्दाम तिच्या बाहेर काढलेली असते, नाहीतर शेपटी पुढच्या अक्षराखाली जाणार कशी. सॉफ्टवेअरने त्या चौकटीवर कात्री चालवली की शेपटी गेली. वर्डमध्ये लाइन स्पेसिंग "एक्झॅक्टली" वर असेल तर वरचा भाग कापतो, "अ‍ॅट लीस्ट" किंवा "मल्टिपल" करा. वेबवर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेरचं लपवणारी सीएसएस सेटिंग, शोधा, ते नसेल तर अक्षरात ग्रेडियंट भरायची युक्ती केलीय का बघा, कारण ती बॅकग्राउंड तेवढ्या चौकटीपुरतीच असते आणि बाहेरच्या शेपटीला रंगच मिळत नाही. दोन्हीला उपाय तोच, त्या डब्याला थोडं पॅडिंग (आतल्या बाजूने मोकळी जागा) द्या. मी शेवटचं अक्षर एफ किंवा आर असेल तर आधीच उजवीकडे पॅडिंग टाकून ठेवतो, वाट कशाला बघा.

सुजलेली अक्षरं: बी बटण. दाबलंय का? डिस्प्ले फॉन्टला बहुतेकदा एकच वजन असतं, बोल्ड बनवलेलंच नसतं, मग सॉफ्टवेअर आहे त्या आकारालाच चहूबाजूंनी लेप देतं. वेबवर हे न दाबताच होतं, कारण हेडिंगचा टॅग मुळात बोल्ड असतो, फॉन्ट ४०० वजनाचा एकच, आणि ब्राउझर खोटा बोल्ड करून मोकळा. हेडिंगला फॉन्ट-वेट ४०० लिहा, किंवा फॉन्ट-सिंथेसिस नन. एक ओळ आहे हो, पण त्या एका ओळीवरून "तुमचा फॉन्ट वेबवर घाण दिसतो" अशी भांडणं मी पाहिलीत. खोट्या इटॅलिकचंही तेच.

बारीक रेषा गायब होणं हा मात्र खरोखर फॉन्टच्या जातीचा प्रश्न आहे, आणि यावर स्विच नाही. हिशोब करून बघा: समजा सगळ्यात बारीक रेषा १००० भागांतली २० भाग आहे. ७२ पॉइंटला ती १.४४ पॉइंट जाड येते, ठणठणीत. तोच फॉन्ट १२ पॉइंटला लावला की रेषा ०.२४ पॉइंट, आणि पाव पॉइंटच्या खालची रेषा छापताना राहील याची खात्री कुणी देत नाही, त्यात गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर शाई आजूबाजूने पसरून ती गिळूनच टाकते. डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारासाठीच. धातूच्या टाइपच्या काळात प्रत्येक आकाराचा साचा वेगळा कोरायचे, छोट्या आकारात रेषा जाड ठेवायचे. आता एकच फाईल सगळीकडे ताणतो आपण आणि मग तुटली की रडतो. काही फॉन्टमध्ये ऑप्टिकल साइझ असते, उदाहरणार्थ फ्रॉन्सेस, त्यात आकाराप्रमाणे जाडी बदलते, शिवाय मऊपणाचा एक आणि "वॉन्क" नावाचा एक असे वेगळे अक्ष, म्हणजे सरकवता येणारे स्विच, आहेत, वॉन्क चालू केला की एन, एम, एच तिरके कलतात, भारी दिसतात. तुमच्या फॉन्टमध्ये असं काही नसेल तर सरळ आकार वाढवा, नाहीतर छोट्या मजकुराला दुसरा फॉन्ट घ्या. खेळकर पण टिकाऊ हवा असेल तर कूपर ब्लॅकच्या वळणाचे बघा. १९२० च्या दशकातलं ते वळण अजून चालतं, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं की त्यात तुटायला बारीक रेषाच नाही, सगळं गुबगुबीत.

मराठी ओळीचं थोडक्यात. असे बहुतेक फॉन्ट रोमन लिपीपुरते असतात, देवनागरी त्यात नसतेच. मग विंडोज स्वतःच्या मनाने निर्मला किंवा मंगल आणून बसवतं, आणि जिथे तसं होत नाही तिथे चौकोन. देवनागरीसह आलेला फॉन्टच घ्यावा लागेल, रोझा वन हा एक, त्यात जाड-बारीक खेळ दोन्ही लिप्यांत सारखा आहे. जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधला मजकूर असेल तर तो मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो, त्याला हा नवा फॉन्ट लावला की अगम्य इंग्रजी दिसणारच, आधी युनिकोडमध्ये बदला. आणि देवनागरी फॉन्ट बरोबर असूनही वेलांटी चुकीच्या बाजूला किंवा "ऱ्य" मोडलेला दिसला तर अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. हे प्रत्येक नव्या मशीनवर परत करावं लागतं आणि प्रत्येक वेळी मी विसरतो.

आता जरा वेळ खाणारं. एकाच फॉन्टच्या ओटीएफ आणि टीटीएफ, म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या फाईल्स, दोन्ही टाकल्यात का? किंवा जुनी आवृत्ती तशीच ठेवून वर नवी? आतलं नाव एकच असेल तर सॉफ्टवेअर कुठली उचलेल सांगता येत नाही, आज शेपट्या दिसतात उद्या नाहीत अशी भुताटकी बऱ्याचदा इथली असते. सगळ्या प्रती काढा, मशीन रीस्टार्ट करा, एकच परत टाका. मॅकवर फॉन्ट बुकमध्ये फॉन्ट निवडून व्हॅलिडेट करता येतं, डुप्लिकेट आणि खराब फाईल दोन्ही कळतात. फार जुनी फाईल उघडली आणि फॉन्ट मिसिंग येतोय, तर तो टाइप वन नावाचा जुना फॉन्ट प्रकार असेल, अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्याचा सपोर्ट बंद केला. त्याच नावाचा ओटीएफ मिळाला तरी ओळी हलतील, तेव्हा परत प्रूफ वाचा.

दुसऱ्याच्या मशीनवर बिघडतंय तर पीडीएफ पाठवा, आणि पाठवायच्या आधी रीडरमध्ये प्रॉपर्टीजमधला फॉन्ट्स टॅब उघडून नावापुढे "एम्बेडेड" किंवा "एम्बेडेड सबसेट" लिहिलंय का बघा. नसेल तर फॉन्ट आत गेलेला नाही, काही फॉन्टमध्ये एम्बेड करायची परवानगीच बंद असते. प्रेसवाले "कर्व्ह करून पाठवा", म्हणजे अक्षरांची चित्रं करून पाठवा, म्हणतात ते उगाच नाही, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ. फक्त मूळ फाईल वेगळी ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती, नावात एक अक्षर चुकलेलं निघालं आणि अख्खं हेडिंग परत जुळवावं लागलं, शेपट्यांसकट.

वेबसाइटवर बिघडत असेल तर शेवटचं तपासायचं म्हणजे वोफ२ या वेबच्या फॉन्ट प्रकारात बदलताना काय झालं. फाईल लहान करणारी टूल्स नको वाटणारं कापून टाकतात, आणि त्यांच्या मते शेपट्या नकोच असतात. फॉन्टटूल्स नावाच्या संचातलं सबसेट करणारं, म्हणजे फॉन्टचा हवा तेवढाच भाग ठेवणारं, टूल तसंच चालवलं तर स्वॉश आणि स्टायलिस्टिक सेट उडवतं, लेआउट फीचर्स सगळी ठेव असं वेगळं सांगावं लागतं. आणि सीएसएसमध्ये फॉन्ट-फीचर-सेटिंग्ज दोन ठिकाणी लिहिलं असेल तर नंतरचं आधीचं पूर्ण पुसतं, भर घालत नाही, म्हणून सगळे स्विच एकाच ओळीत लिहा.

इथे थांबा. याच्यापुढे स्वतः हात घालू नका. एकाच मशीनवर तीन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच अक्षर तसंच मोडत असेल, व्हॅलिडेशनमध्ये एरर येत असेल, किंवा ग्लिफ्स पॅनलमध्ये शेपटीवाला आर दिसतो पण कुठलाही स्विच लावला तरी येत नाही, तर बिघाड फॉन्टच्या आत आहे आणि तो बनवणाऱ्याचं काम आहे. फॉन्ट एडिटरमध्ये उघडून "जरा बघतो" करू नका, विकत घेतलेल्या बऱ्याच फॉन्टच्या परवान्यात बदल करायला मनाई असते, ओपन फॉन्ट लायसन्सवाल्यात बदल चालतो पण मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलावं लागतं. छपाईच्या प्लेट निघाल्या असतील तर सेटिंग्जशी खेळत बसू नका, प्रेसच्या प्रीप्रेसवाल्याला आधी फोन करा, मशीन सुरू व्हायच्या आत. डेस्कटॉपचा परवाना घेऊन फॉन्ट वेबवर किंवा अ‍ॅपमध्ये टाकलाय असं लक्षात आलं तर तेही बनवणाऱ्यालाच विचारा, मला नको.

आणि त्यांना लिहिताना नुसतं "फॉन्ट चालत नाही" लिहू नका. फाईलचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, ओटीएफ की टीटीएफ, कुठलं सॉफ्टवेअर, कुठला शब्द टाइप केला, कुठले स्विच चालू होते, आणि दोन स्क्रीनशॉट, एक कसं दिसतंय आणि एक कसं दिसायला हवं. एवढं दिलंत तर बहुतेकदा पहिल्याच उत्तरात काम होतं.